विश्लेषण : नॉर्वेच्या बिअरमधील यीस्टकडून अकलूजने काय घ्यावे?

क्वाइक यीस्टने आंबवलेल्या बिअरचा ग्लास नाकाजवळ नेला की अनेकदा पहिला वास येतो तो संत्र्याच्या सालीचा. घोट घेतल्यावर पिकलेल्या फळांची चव, मागाहून भाजक्या धान्याची आणि शेवटी हलका कडवटपणा. गंमत म्हणजे त्यात संत्रे घातलेलेच नसते. हा वास तयार करते ते यीस्ट. नॉर्वेच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या घरात जपलेले हे यीस्ट आज जगभरच्या क्राफ्ट बिअरमध्ये वापरले जाते. त्याची कहाणी उसाच्या आणि मळीच्या पट्ट्यात राहणाऱ्या अकलूजकरांनीही वाचावी अशी आहे.

क्वाइक म्हणजे काय?

पश्चिम नॉर्वेतील बोलीत यीस्टलाच क्वाइक म्हणतात. व्हॉस, होर्निनडाल या भागांत शेतकरी स्वतःच्या धान्यापासून घरीच बिअर बनवत. बिअर आंबली की वरचा किंवा तळाचा यीस्टचा थर काढायचा, लाकडी कड्यांवर किंवा कापडावर वाळवायचा आणि पुढच्या वेळेसाठी ठेवायचा. एखाद्याचे यीस्ट खराब झाले तर तो शेजाऱ्याकडून मागून आणी. आपल्याकडे विरजण मागतात, अगदी तसेच.

विसाव्या शतकात ही पद्धत बहुतेक ठिकाणी संपली. काही गावांनी ती टिकवली. लार्स मारियुस गार्शोल या आयटीतील माणसाने गावोगाव फिरून तिची नोंद केली आणि नमुने प्रयोगशाळांपर्यंत पोहोचवले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात क्वाइक हा बिअरच्या यीस्टमधील वेगळा गट असल्याचे दिसून आले.

त्याचे वैशिष्ट्य काय?

उष्णता सोसणे. नेहमीच्या एल बिअरचे यीस्ट साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअसला काम करते. तापमान फार वाढले तर बिअरला उग्र, नको तो वास येतो. व्हॉसचे क्वाइक ३५ ते ४० अंशांतही स्वच्छ चव देते आणि दोन-तीन दिवसांत काम उरकते. शेतकरी गरम रसातच यीस्ट टाकत, लवकर काढून घेत आणि वाळवत. त्यात जे तगले तेच पुढच्या हंगामात गेले. म्हणजे शेकडो वर्षे चाललेली ही बियाण्याची निवडच होती, फक्त बियाणे डोळ्यांना न दिसणारे.

अकलूजशी संबंध काय?

बिअर आंबवणारे ‘सॅकरोमायसिस सेरेव्हिसी’ आणि साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळी आंबवणारे यीस्ट एकाच प्रजातीचे. किण्वनात साखरेचे अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतात, सोबत उष्णताही बाहेर पडते. टाकी तापली की यीस्ट मंदावते, मग मरते. म्हणून टाक्या साधारण ३० ते ३४ अंशांवर ठेवाव्या लागतात. त्यासाठी पाणी आणि वीज लागते. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पाण्याची ओढ असते नेमकी तेव्हाच. २०२५ मध्ये देशात पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. त्यामुळे उष्णता सोसणाऱ्या यीस्टचा प्रश्न ऊस उत्पादकाच्या पैशाशीही जोडलेला आहे.

मग क्वाइक इथे आणायचे का?

नाही, उत्तर इतके सोपे नाही. क्वाइक घडले ते धान्याच्या गोड रसात. मळीत क्षार जास्त असतात आणि डिस्टिलरीला बिअरपेक्षा अधिक अल्कोहोल हवे असते. बिअरमध्ये पहिला आलेला खेळाडू मळीच्या मैदानात चालेलच असे नाही.

नॉर्वेकडून पाकीट घेण्यापेक्षा सवय घ्यावी. शिंदीची नीरा पहाटे उतरवली आणि ऊन वाढले की काही तासांत आंबू लागते. हे काम इथल्याच रानटी यीस्टचे, तेही इथल्याच उन्हात. उसाचा रस, गुऱ्हाळ, फळबागा, जुन्या डिस्टिलऱ्या या सगळ्या ठिकाणी असे सूक्ष्मजीव सापडू शकतात. त्यांतले कोणते उपयोगी, हे शोधल्याशिवाय कळणार नाही.

काय करायला हवे?

साधने दूर नाहीत. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट अल्कोहोल तंत्रज्ञानावर काम करते. कारखाने आणि विज्ञान महाविद्यालयांनी स्थानिक नमुने गोळा करून तिथे तपासायला द्यावेत.

मात्र नोंद आधी हवी. आज व्हॉसचे यीस्ट मोठ्या कंपन्या पाकिटातून विकतात. ते जपले मात्र शेतकऱ्यांनी. २००२ च्या जैवविविधता कायद्यात वनस्पती आणि प्राण्यांप्रमाणे सूक्ष्मजीवही येतात आणि लाभाच्या न्याय्य वाटपाची तरतूद आहे. गावोगावच्या जैवविविधता नोंदवहीत झाडे, पक्षी लिहिले जातात. नीरा कोणत्या शिंदीची, कुठल्या शिवारातली, ती कोण उतरवतो, हेही त्यात लिहायला हवे.

नॉर्वेत काही घरांनी वाळलेले यीस्ट फेकून दिले नाही, म्हणून आज जगाला त्या बिअरची चव कळते. इथल्या उन्हात तगलेल्या यीस्टची नोंद व्हायची असेल, तर ती शिंदीची झाडे आणि नीरा उतरवणारे हात आहेत तोवरच व्हायला हवी.