शाळाच कुरणात गेली

विरारची एखादी मुलगी परदेशात स्वयंसेवी शिक्षिका म्हणून निघाली, की घरचे आधी तिथल्या जेवणाची चौकशी करतात. मला विचाराल तर तिने जाण्याआधी एकदा डहाणू लोकल पकडून कोसबाडची टेकडी पाहून यावी. १९४५ साली बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक डहाणूजवळच्या बोर्डीला आल्या, सोबत त्यांच्या सहकारी अनुताई वाघ. भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाईंबरोबर माँटेसरी पद्धत रुजवलेल्या ताराबाईंना इथे दिसलं, की गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येतच नाहीत. मग बालवाडीच त्यांच्या अंगणात भरू लागली. आपली अंगणवाडी ती हीच. महागड्या साधनांऐवजी शंखशिंपले, खडे, बिया आल्या. पुढे, १९५७ पासून, कोसबाडला काम सुरू झालं. तिथली वारली मुलं गुरांमागे रानात जायची, तर शाळाही कुरणात गेली. मला हे फार मोठं वाटतं. परदेशी निघालेल्या मुलीनेही परक्या मुलखात गुरं कधी सुटतात, धाकट्या भावंडाला कोण सांभाळतं, हे आधी बघावं. पुस्तक नंतर उघडावं. नोकरी सोडून आलेल्या अनुताईंनी पुढची सगळी हयात याच भागात काढली.