मांडव्याचे मौन आणि नोकरदाराचा जबाब

महाभारताच्या आदिपर्वात अणीमांडव्याची कथा आहे. हा ऋषी आश्रमाच्या दाराशी झाडाखाली हात उंचावून, मौन धरून तप करीत असता, राजपुरुष ज्यांच्या पाठीवर होते असे काही चोर लुटीच्या मालासह त्याच्या आश्रमात शिरून लपले. चोर कोणीकडे गेले, असे राजपुरुषांनी विचारले. ऋषीने उत्तर दिले नाही. झडती झाली, माल सापडला, चोरही सापडले; आणि राजाने चोरांबरोबर ऋषीसही सुळावर चढविण्याची आज्ञा केली. पुढे राजास आपली चूक उमगली, त्याने क्षमा मागितली. परंतु सूळ काही निघेना. अखेर तो कापावा लागला आणि त्याची अणी अंगात वागवीतच मांडव्य पुढे हिंडत राहिला. त्याचे नावही त्या अणीवरूनच पडले.

विदुराच्या जन्माची पूर्वपीठिका म्हणून ह्या कथेचा नेहमी उल्लेख होतो. मला तिच्यात दुसरेच काही दिसते. चोरीचा आळ ज्या क्रमाने माणसावर येतो, तो क्रम येथे अचूक पकडला आहे: माल जागेत मिळणे, सत्ताधाऱ्याने विचारणे, आरोपिताने गप्प राहणे, आणि मग शिक्षा आधी व शहानिशा नंतर. आजचा नोकरदार मौनव्रती नसतो. तो भीतीने गप्प राहतो, लाजेने गप्प राहतो, किंवा ‘आपण काही केलेच नाही, मग बोलावयाचे कशाला’ अशा अभिमानाने गप्प राहतो. हे मौन त्याला सर्वांत महाग पडते, आणि कायद्याने नोकरदाराला दिलेल्या साधनांपैकी जी खरोखर मोलाची आहेत, ती त्याला बोलते ठेवणारी साधने आहेत, असे माझे मत आहे.

ह्या मताला आधार देणारे प्रकरण बंगळूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, कोलारच्या सोन्याच्या खाणींत घडले. भारत गोल्ड माइन्स ह्या सरकारी कंपनीतील सुरक्षा अधिकारी कॅप्टन एम. पॉल अँथनी ह्यांच्या निवासस्थानी २ जून १९८५ रोजी पोलिसांचा छापा पडला आणि साडेचार ग्रॅम वजनाचा सोन्याचा गोळा व १,२७६ ग्रॅम सुवर्णयुक्त वाळू मिळाल्याचे सांगण्यात आले. सोन्याची राखण करणाऱ्यावरच सोने चोरल्याचा आळ! दुसऱ्याच दिवशी निलंबन, पाठोपाठ दोषारोपपत्र. त्यांनी आरोप नाकारला आणि फौजदारी खटला संपेपर्यंत खात्याची चौकशी थांबवावी अशी विनंती केली. ती मानली गेली नाही. निलंबनकाळात निर्वाह भत्ता मिळाला नाही. घरापासून चौकशीच्या ठिकाणी जाण्याइतके पैसे जवळ उरले नाहीत. चौकशी एकतर्फी झाली, दोष सिद्ध ठरला आणि जून १९८६ मध्ये ते बडतर्फ झाले. अवघ्या आठ महिन्यांनी, ३ फेब्रुवारी १९८७ रोजी, फौजदारी न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. छापा व जप्ती ही शाबीतच झाली नव्हती. तरीही कंपनीने त्यांना परत घेतले नाही. उच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने निर्णय दिला, तो खंडपीठाने १९९७ मध्ये फिरविला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च १९९९ रोजी त्यांना पूर्वपदावर घेण्याचा, निलंबनाच्या दिवसापासूनचा सर्व पगार व भत्ते देण्याचा आणि खर्चापोटी १५,००० रुपये देण्याचा आदेश केला. ह्या साऱ्यात जवळजवळ चौदा वर्षे गेली. २८ फेब्रुवारी २००१ रोजी ती कंपनीच बंद झाली.

ह्या निकालाची दोन अंगे आहेत. एक नेहमी उद्धृत होते: खटला आणि चौकशी ही दोन्ही एकाच घटनेवर व त्याच साक्षीदारांवर उभी असतील, आणि न्यायालयाने ती घटनाच अमान्य केली असेल, तर चौकशीचा निष्कर्ष तेवढा उभा ठेवणे अन्यायाचे आहे. पण हा सरसकट नियम नव्हे, हे नोकरदाराने ओळखले पाहिजे. फौजदारी न्यायालयास संशयापलीकडचा पुरावा लागतो. चौकशी अधिकाऱ्यास संभवनीयतेचे पारडे पुरते. १९७७ मध्ये हरियाणातील एका बस वाहकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, प्रवाशांची साक्ष घेतली नाही एवढ्यावरून चौकशी रद्द होत नाही. कर्नाटकाच्या राज्य परिवहनातील एका वाहकापाशी ९३ रुपये हिशेबाबाहेर मिळाले, तेव्हा त्याच न्यायालयाने बडतर्फी कायम केली. रक्कम किती ह्यापेक्षा विश्वास गेला ह्यास महत्त्व दिले. निर्दोष सुटलो की नोकरी आपोआप परत मिळेल, हा समज म्हणूनच घातक आहे.

निकालाचे दुसरे अंग मला अधिक मोलाचे वाटते. ज्याचा पगार थांबविला त्याला निर्वाह भत्ताही न देता चौकशीला बोलावणे म्हणजे त्याचे तोंड बांधून त्यास उत्तर विचारणे होय, हा त्याचा आशय. येथे मांडव्याचे मौन व्रताचे नाही, दारिद्र्याचे आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत पहिल्या नव्वद दिवसांसाठी निम्मा पगार, आणि विलंब कामगारामुळे झालेला नसल्यास पुढे पाऊणपट, अशी निर्वाह भत्त्याची तरतूद आहे. मात्र ती ज्या स्थायी आदेशांच्या प्रकरणात आहे ते तीनशे वा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते. १९४६ च्या जुन्या कायद्यात ही मर्यादा सर्वसाधारणतः शंभराची होती. लहान कारखान्यात माणसाला गप्प बसविणे अधिक सोपे असते, आणि नेमके तेथूनच हे संरक्षण काढून घेतले गेले. हा बदल मला समर्थनीय वाटत नाही.

मग नोकरदाराने करावयाचे काय? सर्वांत आधी, राजीनामा देऊ नये आणि ‘प्रकरण येथेच मिटवू’ ह्या आश्वासनावर काहीही लिहून देऊ नये. पोलिसांपुढील कबुली न्यायालयात पुरावा होत नाही. धन्याच्या कार्यालयात लिहून दिलेला माफीनामा मात्र पुढे करता येतो, आणि तो दबावाने घेतला हे दाखविण्याचे ओझे व्यवहारात लिहिणाऱ्याच्याच डोक्यावर येते. दोषारोपपत्राला मुदतीत, मुद्देसूद, लेखी उत्तर द्यावे; साठ्याच्या नोंदी, हजेरीपट, चित्रण मागावे; साक्षीदारांची उलटतपासणी मागावी आणि नाकारली गेल्यास तसे नोंदवून घ्यावे. चौकशी तहकूब करण्याची मागणी करावी, पण तिच्या भरवशावर गैरहजर राहू नये. पोलिसांत तक्रार झाली असल्यास, सेवकाने केलेल्या चोरीस भारतीय न्याय संहितेत सात वर्षांपर्यंत शिक्षा असल्याने, अर्नेश कुमार प्रकरणातील २०१४ च्या निर्णयानुसार अटक आपोआप होत नाही; तीची गरज पोलिसांना लेखी दाखवावी लागते. अटकपूर्व जामिनाचा मार्गही मोकळा असतो. बडतर्फी झालीच, तर कामगाराने समेट अधिकाऱ्याकडे जावे. पंचेचाळीस दिवसांनंतर, परंतु बडतर्फीपासून दोन वर्षांच्या आत, त्याला थेट न्यायाधिकरणाकडे जाता येते, आणि न्यायाधिकरण शिक्षा बदलूही शकते.

अब्रुनुकसानीचा दावा, खोट्या फिर्यादीबद्दल भरपाई, ह्यांविषयी पुष्कळजण आधी विचारतात. मी त्यांना शेवटी ठेवीन. सद्भावनेने अधिकाऱ्याकडे केलेली तक्रार अब्रुनुकसानीच्या कक्षेबाहेर राहते, आणि खोट्या फिर्यादीच्या दाव्यात द्वेषबुद्धी सिद्ध करावी लागते. अणी काढण्याची ही साधने फारशी धारदार नाहीत.

कॅप्टन अँथनी सरकारी कंपनीत होते म्हणून रिट याचिकेचे दार त्यांना उघडे होते. बंगळूरच्या खासगी कंपनीतील व्यवस्थापकाला ते बहुधा नसते. त्याला करारावर व दिवाणी न्यायालयावर विसंबावे लागते. त्याहून बिकट स्थिती घरकाम करणाऱ्या स्त्रीची. ह्या शहरातील मोठमोठ्या संकुलांत शेकडो स्त्रिया रोज कामाला येतात. दागिना जागेवर दिसला नाही की पहिला संशय त्यांच्यावर. घरगुती सेवा नव्या संहितेच्या ‘उद्योग’ ह्या व्याख्येतून वगळलेली आहे. तिला दोषारोपपत्र नाही, चौकशी नाही, भत्ता नाही. फाटकावरील पहारेकऱ्याला ‘हिला आत सोडू नका’ असे सांगितले की तिची बडतर्फी झाली. तिच्यापाशी उरते ती पोलिस ठाण्यातील थोडीशी आयुधे. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी, अपवादात्मक कारण व दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी असल्याखेरीज, स्त्रीला अटक करता येत नाही. आणि १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा लागतो.