वावर मक्त्याने देताना पाच वर्षांसाठी द्या

जरीपटक्यातील शेतमालक बंधू-भगिनींनो,

आपल्यापैकी ज्यांची वावरं कामठी, कळमेश्वर, सावनेर, काटोलकडे आहेत आणि कसणारे दुसरे आहेत, त्यांच्यासाठी हे आवाहन. पाडवा आला की मक्ता ठरतो, तोही तोंडी आणि वर्षापुरता. पुढच्या पाडव्याला कुणी थोडे जास्त देऊ केले की वावर त्याच्याकडे जाते. या सवयीपायी आपली माती नाल्यात चालली आहे.

शेणखताचेच बघा. त्यातले नत्र पहिल्या हंगामात पिकाला थोडेच मिळते, उरलेले पुढची दोन-तीन वर्षे मिळत राहते. पुढच्या वर्षी वावर आपल्याकडे असेल की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने शेणखताच्या ट्रॉल्या का विकत घ्याव्यात? तो युरियाच टाकणार. पावसाच्या झडीत धुरा फुटला तरी तो बांधायला मजूर लावणार नाही. मग तिथे घळ पडते, काळी माती वाहून जाते आणि चुनखडीचे खडे उघडे पडतात. यात मक्तेदाराचा दोष मला दिसत नाही.

मालकांची भीतीही खरी आहे. विदर्भाच्या १९५८च्या कूळ कायद्याने १ एप्रिल १९६१ला अनेक कुळे मालक झाली. ती आठवण घराघरांत आहे, म्हणून कागद टाळला जातो. पण कागद नसण्याचा तोटाही आपल्याला ठाऊक आहे. जरीपटका ही फाळणीनंतर सिंधी निर्वासित कुटुंबांनी उभी केलेली वस्ती आहे. पट्ट्याचा कागद हाती नसताना घरावर पैसा घालायला मन किती कचरते, हे इथे कुणाला सांगायला नको. इथिओपियात जमिनीचे दाखले हाती आल्यावर शेतकरी बांधबंदिस्तीकडे जास्त वळले. आपला मक्तेदार काही वेगळा नाही.

तेव्हा येत्या पाडव्याला वावर पाच वर्षांसाठी द्या. कूळ कायदा जाणणाऱ्या वकिलाकडून करार लिहून घ्या. धुरे बांधणे आणि तलावातला गाळ वावरात टाकणे यांचा खर्च मालकाने करावा, कारण ते काम जमिनीत राहते. मुदतीआधी वावर परत घेतले, तर टाकलेल्या खताचे उरलेले मोल मक्तेदाराला द्या, आणि हे करारातच लिहा. मृद्‌संधारणाच्या योजनांना सातबारा लागतो आणि तो आपल्या नावावर आहे, म्हणून अर्जही आपणच करायला हवा. करार करताना माती तपासा, मुदत संपताना पुन्हा तपासा. सेंद्रिय कर्ब वाढलेला दिसला, तर त्याच मक्तेदाराला पुढची पाच वर्षे द्या.

आपला,
जरीपटक्यातील एक शेतमालक