विश्लेषण : बोहाड्याचे कागदी मुखवटे भिंतीवर आले, कारागीर सरकारी यादीत कुठे?

रद्दीचा कागद, डिंक, मेथीची पूड आणि साच्यापुरती माती. एवढ्या सामानातून पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाड्याचे कारागीर रावण, गणपती, नरसिंह घडवतात. आता हे मुखवटे हस्तकला प्रदर्शनांत आणि शहरी घरांच्या भिंतींवर दिसतात, कागदाच्या लगद्याचे काम छंद म्हणून शिकणारेही आहेत. मात्र हा मुखवटा मुळात भिंतीसाठी बनलेला नाही.

बोहाडा म्हणजे काय?

होळीनंतरच्या उन्हाळ्यात गावदेवीच्या नावाने होणारा सोंगांचा उत्सव म्हणजे बोहाडा. काही भागांत त्याला भवाडा म्हणतात. कोकणा, वारली, महादेव कोळी अशा अनेक समाजांचा त्यात सहभाग असतो. संबळ-सनईच्या तालावर रात्रभर एकेक सोंग नाचत येते. देवी आणि महिषासुराचे युद्ध हा त्यातला मोठा प्रसंग. अनेक गावांत कोणते सोंग कोणत्या घराने घ्यायचे हे पिढ्यान् पिढ्या ठरलेले असते, तो त्या घराचा मान. त्यामुळे मुखवटा घरात जपला जातो आणि उत्सवाआधी डागडुजी करून पुन्हा रंगवला जातो.

मुखवटे कागदाचेच का?

लाकडी मुखवटेही असतात आणि ते जास्त टिकतात. पण तोंडावर बांधून नाचायचे तर वजन मानेवर येते. दहा तोंडांच्या रावणाचा विचार केला, की कागदाचे महत्त्व लगेच कळते.

कागद भिजवून, कुटून, पाणी पिळून लगदा करतात. त्यात डिंक आणि मेथीची पूड मळतात. मेथीचे दाणे भिजले की बुळबुळीत होतात, तोच चिकटपणा लगदा धरून ठेवतो. मेथीच्या कडवटपणामुळे कीड लागत नाही, असेही मानले जाते. मातीच्या साच्यावर लगद्याचे थर चढवायचे, वाळू द्यायचे, मग पांढरे अस्तर आणि रंग. हौशी मंडळींची फसगत होते ती वाळवण्यात. जाड थर एकदम दिला किंवा कडक उन्हात ठेवला, तर वरचा भाग आधी आकसतो, आतला ओलाच राहतो आणि तडे जातात.

म्हणजे हे काम कोरड्या महिन्यांचे. जव्हारच्या पावसाळ्यात लगदा वाळणे कठीण. आणि नेमक्या याच कोरड्या महिन्यांत इथली अनेक कुटुंबे वसई, भिवंडीकडे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर जातात. मुखवट्याचा हंगाम आणि मजुरीचा हंगाम एकच असल्याने शहरातली मागणी महत्त्वाची ठरते. ऑर्डर हाती असेल तरच घरी थांबणे परवडते.

या मागणीने मुखवटा बदलतो का?

थोडा बदलणारच. भिंतीवरच्या मुखवट्याला डोळ्यांची भोके नसली तरी चालतात, दोरी बांधायची जागा लागत नाही, आकार पाकिटात बसेल एवढा हवा असतो. त्यात गैर काही नाही. प्रश्न पैसा कोणाकडे जातो हा आहे. याच पट्ट्यातल्या वारली चित्रकलेला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नावाला कायद्याचे संरक्षण मिळते, पण ते नाव वापरण्यासाठी कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते. ती झाली नाही, तर फायदा कागदावरच राहतो.

सरकारी योजनांत जागा कुठे?

केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तीत अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने तारणाशिवाय कर्ज मिळते, पहिल्या टप्प्यात १ लाख, दुसऱ्यात २ लाखांपर्यंत. यादीत १८ व्यवसाय आहेत. सुतार, कुंभार, मूर्तिकार, बाहुल्या-खेळणी बनवणारे आहेत, मुखवटे बनवणारे स्वतंत्रपणे नाहीत. लाकडी मुखवटा कोरणारा निदान सुतार म्हणून अर्ज करू पाहील. कागदवाल्याने कोणत्या रकान्यात खूण करायची? अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायतीत होते, त्यामुळे हा प्रश्न आधी तिथेच पोहोचतो.