जमीन घ्यावी, पण कोणाची?

पुण्यामुंबईत नोकरी करून चार पैसे गाठीस बांधणाऱ्या आमच्या बौद्ध कुटुंबांत एक विचार बळावत आहे: शिल्लक पैसा खेड्यातील जमिनीत गुंतवावा, वीस वर्षांनी तो मुलाबाळांच्या कामी येईल. ज्या समाजास पिढ्यान्‌पिढ्या भूमिहीन ठेवले गेले, त्याने जमिनीची आस धरणे स्वाभाविकच नव्हे, तर योग्यही होय. परंतु जमिनीचा भाव विचारण्यापूर्वी ती कोणाची, हे विचारले पाहिजे.

आंबेगाव तालुक्यातील आहुपे हे गाव उदाहरणादाखल घ्या. सह्याद्रीच्या ऐन माथ्यावर वसलेले हे गाव. येथून घाट उतरला की कोकण लागते. तेथील धुके, कडे आणि देवराई पाहून शहरवासीयास वाटते, येथे आपला एक तुकडा असावा. पण त्या तुकड्यावर महादेव कोळ्यांचा संसार उभा आहे. भाताची लहान खाचरे, उतारावरची नाचणी-वरई आणि हिरड्याची वेचणी हीच त्यांची मिळकत.

आदिवासीची अशी जमीन बिगर-आदिवासीस सहज घेता येत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 मध्ये 1974 साली कलम 36-अ घालण्यात आले. त्यानुसार विक्रीस जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आणि तत्पूर्वी शासनाची मान्यता आवश्यक असते. देणगी, अदलाबदल, गहाण आणि भाडेपट्टा यांवरही निर्बंध आहेत. ‘तूर्त साठेखत करू, कुलमुखत्यारपत्र घेऊ, पुढचे पुढे पाहू’ असे सांगणारा दलाल आपले पैसे घेऊन मोकळा होतो. अडकतो तो घेणारा. 1990 च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातींत स्थान मिळाले. परंतु तो दाखला म्हणजे आदिवासीचा दाखला नव्हे.

हा निर्बंध कोणास जाचक वाटेल. त्याचे कारण याच डोंगरांत सापडते. सावकारांच्या कर्जाखाली जमिनी जाऊ लागल्या, तेव्हा 1873 साली याच तालुक्यातील जांभोरीचे होन्या केंगले सावकारांविरुद्ध उठले. दोनच वर्षांनी पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. त्या कर्जखतांवर ज्यांचे अंगठे होते, त्यांना त्यांतील मजकूर वाचता येत नव्हता.

हे दुःख आम्हांस परके आहे काय? महारवतनाच्या जमिनीने आमच्या वाडवडिलांस गावाच्या चाकरीशी जखडून ठेवले. ते वतन सुधारण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. पुढे 1958 च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द झाली आणि जमिनी नव्या शर्तीने परत मिळाल्या. पूर्वपरवानगीवाचून त्या विकता येत नाहीत. तरीही कित्येक घरांच्या वतनी जमिनी अडचणीच्या दिवसांत, मातीमोल भावाने, परक्या हाती गेल्या. अंगठा आमच्या आजोबांचा होता. लाभ दुसऱ्याचा झाला. आज हाती पैसा आला म्हणून आम्ही त्या दुसऱ्याच्या जागी बसावे काय?

म्हणून आमचे सांगणे असे. पहिली गुंतवणूक नव्या जमिनीत नव्हे, असलेल्या जमिनीत करा. गावाकडील वतनी जमिनीचा सातबारा काढा, वारसनोंदी पुऱ्या करा, मोजणी करून हद्द कायम करा. 2005 च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाइतकाच हक्क मिळाला आहे आणि हिंदू वारसा कायदा बौद्धांसही लागू आहे. तेव्हा लेकींची नावे गाळू नका.

नवी जमीन घ्यावयाची असेल, तर शेतजमीन घेण्यास साधारणपणे स्वतः शेतकरी असावे लागते, हे 1948 च्या कूळ कायद्याचे बंधन ध्यानी ठेवा. सातबाऱ्यावर भोगवटादाराचा वर्ग पाहा, ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा, जुने फेरफार तपासा. विकणारा मन मोकळे करून विकतो आहे की कर्जापायी, हेही विचारा. आणि जमीन म्हणजे पेढीतील ठेव नव्हे. गरज पडेल त्या दिवशी ती मोडता येत नाही. मुलांच्या शिक्षणाचा पैसा तीत पुरू नका.

दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 साली हजारो माणसे तुरुंगात गेली, ती भूमिहीनास जमीन मिळावी म्हणून. एका गरिबाची जमीन दुसऱ्याने घ्यावी म्हणून नव्हे. पंचशीलातील दुसरे शील सांगते की, जे दिले गेले नाही ते घेऊ नये. अगतिकतेने उमटलेला अंगठा म्हणजे देणे नव्हे. सातबाऱ्यावर आपले नाव चढविण्यापूर्वी, त्यावरून कोणाचे नाव कमी होत आहे, ते एकदा वाचा.