विंचवाचे बिऱ्हाड

होळीची राख निवते न निवते तोच लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांतील मराठी घरांत सप्तशृंगगडाच्या वाटेची बोलणी सुरू होतात. रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत गडावर यात्रा भरते, आणि खानदेशातून येऊन सुरतेत मुरलेल्या आपल्या मंडळींपैकी कितीकांची ती कुलस्वामिनी. कोणी पायी निघतो, कोणी एस.टी.ने. ज्यांच्या दाराशी स्वतःचा पिकअप किंवा ‘छोटा हाथी’ उभा असतो, त्यांच्या मनात मात्र निराळाच बेत शिजतो. एरवी बाजारात ताक्यांची पार्सले वाहणाऱ्या या गाडीच्या हौद्यात बसेल अशी एक खोली फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्यावी, यात्रेपुरती ती चढवावी आणि परतल्यावर उतरवून ठेवावी. म्हाताऱ्यांना पाठ टेकावयास जागा होते, रात्री धर्मशाळा शोधावी लागत नाही.

बेत चांगला आहे. अमेरिकेत पिकअपवर चढविण्याच्या अशा खोल्या कितीतरी वर्षांपासून तयार मिळतात. त्यांना तिकडे ‘कॅम्पर’ म्हणतात. आपल्याकडे कॅम्पर म्हणजे लग्नातला पाण्याचा जार, नाहीतर महिंद्रची दुहेरी केबिनची गाडी. घोटाळा नको म्हणून मी आपला ‘खोली’ हाच शब्द वापरतो.

या सदराकडे विचारणा येते ती बहुधा एकाच गोष्टीची : खोली किती मजबूत करावी? प्रश्न स्वाभाविक असला तरी तो पहिला नव्हे. मजबुती म्हणजे लोखंड आणि लोखंड म्हणजे वजन. तेव्हा पहिला प्रश्न असा की, गाडीला किती ओझे झेपते? उत्तर नोंदणीपुस्तकातच असते. गाडीचे भारासह कमाल वजन आणि रिकामे वजन यांतील फरक म्हणजे आपली शिल्लक. रिकाम्या वजनात कायद्याने चालकाचे वजन धरलेले नसते, म्हणून केबिनमधली माणसेही याच शिलकेतून वजा करावयाची.

उदाहरणादाखल पाऊण टन क्षमतेची गाडी घेऊ. २००५ साली टाटांचा एस आला तो याच क्षमतेचा. सात फूट लांब, पाच फूट रुंद व सहा फूट उंच खोलीसाठी ४० मिलिमीटरचा, दोन मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप सुमारे ४० मीटर लागेल. त्याचे झाले ९० किलोंच्या आसपास. भिंतींना व छताला १२ मिलिमीटरचे प्लायवूड १३० किलो, तळाला १८ मिलिमीटरचे ३८. खोली रिकामीच २६० किलोंवर गेली. आता संसार चढवू. पाणी शंभर लिटर, म्हणजे शंभर किलो. घरगुती गॅसचे भरलेले सिलिंडर तीस. दिव्यापंख्याची मोठी बॅटरी पंचावन्न. अंथरुणे, भांडी, शिधा मिळून दीडशे. केबिनमधील दोघे एकशेचाळीस. बेरीज ७३५. शिल्लक राहिली पंधरा किलो, आणि गृहिणीने नारळाचे पोते अजून आणलेच नाही! मागे माणूस बसविण्याचा तर विचारच नको.

म्हणून पातळ पत्रा किंवा ताडपत्रीची भिंत लाकडी भिंतीहून शहाणी. लोखंड लागते ते कोपऱ्यांत आणि तळाच्या चौकटीत, सर्वत्र नव्हे. अंदाजावर तर मुळीच जाऊ नये. सुरतेत, विशेषतः सचिन-हजिऱ्याच्या बाजूस, वाहनांच्या वजनकाट्यांना तोटा नाही. सर्व सामान भरून, माणसे बसवून गाडी काट्यावर न्यावी. आधी पुढची चाके, मग मागची आणि शेवटी संपूर्ण गाडी अशी तीन वजने घ्यावीत. एका चहाच्या वेळेचे काम आहे. मर्यादेबाहेर भार वाहिल्यास २०१९ पासून वीस हजार रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे आणखी दोन हजार दंड आहे. परंतु दंडाच्या भीतीने नव्हे, घाटाच्या भीतीने हे करावे.

पुढच्या चाकांचे वजन वेगळे का घ्यावयाचे, हे पुष्कळांस उमजत नाही. हौद्याचा मागचा भाग मागच्या ॲक्सलच्याही पलीकडे गेलेला असतो. तेथे, ॲक्सलच्या मागे एक मीटरवर, शंभर किलोंची टाकी ठेवली असे धरा. पुढच्या व मागच्या ॲक्सलमध्ये २.१ मीटर अंतर असलेल्या गाडीत ती टाकी पुढच्या चाकांवरचा सुमारे ४८ किलो भार उचलून घेते आणि मागच्यांवर शंभर नव्हे, १४८ किलो घालते. पुढची चाके हलकी झाली की सुकाणू पोकळ लागते. वळणावर गाडी सांगितल्याइतकी वळत नाही. सबब पाणी, बॅटरी, शिधा ही जड मंडळी केबिनच्या पाठीला लागून, तळाशी बसवावीत. गाद्या-उशा मागे व वर. एका मोठ्या अर्धवट टाकीत पाणी हिंदकळते व वळणावर नेमके नको त्या बाजूस धावते. त्यापेक्षा वीस वीस लिटरचे पाच डबे बरे. अमेरिकेतील नियमानुसार अशा खोलीवर तिचे कमाल वजन लिहावे लागते आणि गुरुत्वमध्य गाडीच्या कोणत्या भागात यावा हेही गाडीच्या धन्यास आकृतीने दाखवावे लागते. आपल्याकडे ती आकृती आपणच काढावयाची.

आता बांधणी. बहुतेक जण खोली हौद्याच्या कडांना आणि फाळक्याला दोराने आवळतात. त्या कडांवरचे आकडे ताडपत्रीसाठी असतात. पाचशे किलोंचा हिसका सोसणे हे त्यांचे काम नव्हे. बांधणीचा जाणता आडाखा असा : अकस्मात ब्रेक लागला तर पुढच्या बाजूस भाराच्या वजनाच्या आठ-दशांश आणि डावीउजवीकडे व मागे निम्मा ओढ सोसला पाहिजे. तेव्हा खोलीच्या तळचौकटीचे चार कोपरे थेट चासीला धरावेत. चासीस भोके पाडून किंवा वेल्डिंग करून नव्हे, कारण त्याने चासी दुबळी होते, तर यू-बोल्टच्या पकडीने. चारही कोपऱ्यांत टर्नबकल, पुढचे दोन पुढे व मागचे दोन मागे कललेले. खोलीखाली खरखरीत रबराची चटई अंथरली तर घसरणे पुष्कळ कमी होते. केबिनच्या बाजूस लाकडी ठोकळा पक्का बसवावा. वरून घ्यावयाचा तो रॅचेटचा पट्टा पॉलिएस्टरचा असावा. नायलॉनचा दोर ओढाखाली बराच ताणतो व सैल पडतो. पॉलिएस्टर फारसे ताणत नाही. ज्या धाग्याच्या साड्या विकून हे शहर जगते, त्याच धाग्याचा हा पट्टा. त्याची पारख सुरतकरास शिकवावी लागू नये!

पहिल्या तीसएक किलोमीटरमध्ये सारे सामान आपापल्या जागी बसते आणि बांधणी ढिली पडते. म्हणून बारडोलीला चहाला थांबाल तेव्हा पाना हाती घेऊन चारही कोपरे पुन्हा आवळावेत, मग व्यारा-वघईकडे निघावे. खोलीसह गाडीची उंची मोजून केबिनमध्ये डोळ्यांसमोर लिहून लावावी. लिंबायतच्या गरनाळ्यापासून डांगातल्या खाली वाकलेल्या फांद्यांपर्यंत तिचा उपयोग होतो. उघड्या माळावर ताशी साठ किलोमीटरचा वारा आडवा आला तर एवढ्या खोलीच्या कुशीवर सत्तर-ऐंशी किलोंचा रेटा बसतो. पावसाळी दिवसांत हे ध्यानी ठेवावे.

वघईच्या पुढे सापुताऱ्याचा घाट, आणि शेवटी नांदुरीहून गडाचा. चाकांमधील आडवे अंतर १.३ मीटर असेल आणि भरल्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून एक मीटरवर असेल, तर पंधरा मीटर त्रिज्येच्या वळणावर गाडी कागदोपत्री ताशी ३५ किलोमीटरला उलटते. गुरुत्वमध्य तीस सेंटिमीटर वर गेला की ३१ ला. प्रत्यक्षात पाटे कलतात, रस्ता बाहेरच्या अंगास उतरता असतो, चाक खड्ड्यात जाते. तेव्हा पंधराच्या वर जाऊ नये हे उत्तम. ज्या गिअरमध्ये चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे. डिझेल वाचविण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारा चालक यात्रेला नेऊच नये, मग तो सख्खा मेहुणा का असेना.

राहिला प्रश्न चालत्या गाडीत खोलीत कोणी बसावे याचा. उत्तर एकच आहे : कोणीही नाही. आजीला आडवे व्हावयाचे असेल तरी नाही, मुले झोपली असतील तरी नाही. हे लिहिताना मला ठाऊक आहे की मुख्य आग्रह नेमका येथेच होतो, कारण खोली केलेलीच असते आजीसाठी. पण जानेवारी २००८ मध्ये गडाच्या घाटात बस कोसळून चाळीसहून अधिक माणसे गेली. जुलै २०२४ मध्ये सुरतेच्या सहलीची बस सापुताऱ्याच्या दरीत गेली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याच परिसरात यात्रेकरूंच्या बसने पुन्हा बळी घेतले. त्या बसगाड्या होत्या, माणसांसाठी बांधलेल्या. आपली खोली पत्र्याची किंवा प्लायवूडची. तिच्यात ना आसन, ना पट्टा. मालवाहू गाडीत प्रवासी नेणे कायद्यानेही निषिद्ध आहे. शिवाय अशा गाडीतून नुसत्या बसवून नेलेल्या प्रवाशाची भरपाई देण्यास सक्तीच्या विम्याची कंपनी बांधील नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच ठरविले आहे. ती भरपाई मग गाडीच्या धन्याच्या, म्हणजे बहुधा आपल्याच चुलत्याच्या, घरादारावर येते. आजीला केबिनमध्ये बसवावे, बाकीच्यांनी एस.टी.ने यावे आणि मुक्कामी खोलीत निजावे.

मुक्कामाविषयी थोडेसे. सिलिंडर प्रवासभर बंद व उभे असावे आणि त्याच्या खणास तळाशी झरोका ठेवावा. हा गॅस हवेहून जड, गळला तर खालीच साचतो. कोळशाची शेगडी किंवा जनरेटर खोलीत वा खिडकीशी ठेवून झोपू नये. त्याच्या विषारी वायूला वास नसतो.

परतल्यावर खोली उतरविण्याचा सोहळा. विटांच्या थप्प्या रचून, चार पोरांच्या खांद्यांवर खोली उचलणे हा प्रकार वरवर सोपा दिसतो, आणि थप्पी ढासळली की बोटे जातात. खोली करून घेतानाच चारही कोपऱ्यांना स्क्रूचे जॅक बसतील असे आखूड नळ करवून घ्यावेत; चारही पाय थोडे बाहेर असावेत, म्हणजे गाडी मधून निघून जाईल. सपाट, कठीण जमिनीवर चारही जॅक थोडे थोडे, आळीपाळीने फिरवावेत. खोली चार बोटे उचलली गेली की पट्टे सोडले आहेत ना ते पाहावे व गाडी हळूच पुढे काढावी. मग खोली लगेच खाली घेऊन लाकडी ओंडक्यांवर टेकवावी. उंच पायांवर ती महिनोन्‌महिने उभी ठेवू नये, कारण गल्लीतील मुले तिच्याखाली लपंडाव खेळावयास येतातच.