विचारलेले मत, न मानलेले मत

राज्यघटनेच्या पहिल्याच अनुच्छेदात भारताला ‘राज्यांचा संघ’ म्हटले आहे. तिसऱ्यात मात्र या घटकराज्यांच्या सीमा, नावे, किंबहुना त्यांचे अस्तित्वही संसदेच्या साध्या बहुमतावर सोपवले आहे. राज्याचे मत मागवायचे, ते बंधनकारक मात्र नाही! २०१४च्या जानेवारीत आंध्र प्रदेश विधानसभेने विभाजनाचे विधेयक फेटाळले. फेब्रुवारीत संसदेने ते संमत केले. (तेलंगणाची मागणी आम्हांलाही न्याय्यच वाटत होती, प्रश्न तो नव्हे.) २०१९ साली जम्मू-काश्मीरची विधानसभाच विसर्जित होती, तेव्हा तिच्या वतीने मतही संसदेनेच दिले. ज्याचे विभाजन करायचे त्याचा नकार केवळ नोंदवून घेणाऱ्या या तरतुदीला सत्तेचा समतोल म्हणावे, हे आम्हांस मान्य नाही. ‘मत’ आणि ‘संमती’ हे समानार्थी शब्द नव्हेत.